पडद्याकडे पाठ करून बसणारे मास्तर

मी शिकवायची त्या शाळेत भूगोलाला एक मास्तर होते. ते तिकीट काढून पिक्चरला जात आणि पडद्याकडे पाठ करून बसत. पवनीच्या टॉकीजमध्ये पडद्याखाली हातभर उंचीचा ओटा होता. त्याच्या कडेला घरून आणलेलं स्टूल टाकायचं, तोंड लोकांकडे करायचं, आणि खेळ सुटेपर्यंत हलायचं नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला हसू फुटतं. हसा बाप्पा. मला मात्र त्या माणसाची आठवण आली की अजून डोकं तडकतं.

कारण विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पडद्यावरचे सगळे खोटे, बाई. खुर्चीतले खरे. मी खऱ्यायले पाहतो." सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांचा अहवाल व्हायचा. पिक्चरची गोष्ट काय, हिरो कोण, हिरोईन शेवटी मेली की जगली, काही विचारू नका, त्यांना ठाऊकच नसे. पण खताचा दुकानदार कुठे हसला, तहसीलचा बाबू कुठे रडला आणि कोणी पाहू नये म्हणून त्यानं नाक शिंकरल्याचं सोंग कसं केलं, हे सगळं साग्रसंगीत. मग निकाल. "पिक्चर चालते." नाहीतर, "पिक्चर पडला." त्यांचा निकाल सहसा खोटा ठरत नसे, हेही कबूल केलं पाहिजे. वर पुन्हा त्यांचं ते वाक्य: "पिक्चर चुकते, मास्तर चुकते, सरकार चुकते. पब्लिक चुकत नाही, बाई." ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

वर्गातही तोच प्रकार. नकाशा टांगायचा आणि पोरांची तोंडं पाहत बसायचं. दोघातिघांनी जांभई दिली की पुस्तक मिटत, "आजचा खेळ पडला, जा घरी," म्हणत आणि वर्ग सोडून देत. शेजारच्या खोलीत मी पाढे म्हणून घेत असायची, आणि यांची सुटलेली पोट्टी माझ्या खिडकीला लोंबकळून माकडचेष्टा करायची. मी कारध्याची, नदीकाठची, तोंडानं फटकळ. तरातरा जाऊन भांडायची. मास्तर शांतपणे माझा चेहरा न्याहाळत ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "राग खरा हाये तुमचा." जसं काही मी तिथं नाटकात काम करून राहिली होती!

टॉकीजमध्ये बायांची बाजू वेगळी होती, मध्ये कमरेएवढी लाकडी आडभिंत. आता एक बाप्या माणूस समोर बसून खेळभर बायांकडे टक लावून पाहतो म्हटल्यावर कोण खपवून घेईल? बायांनी मला सांगितलं, मी मास्तरांना सांगितलं. ते बिचारे ओशाळले. पुढच्या खेळापासून त्यांनी बायांच्या बाजूला आपली काळी छत्री उघडून धरायला सुरुवात केली. डावीकडे छत्रीचा आडोसा, उजवीकडे पुरुष मंडळी. गावात वाहवा झाली, माणूस कसा मर्यादशील आहे म्हणून. पण त्या दिवसापासून मास्तरांचं पब्लिक निम्मं झालं होतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

मग ते पिक्चरवाले आले. सत्तरचं दशक सरत आलेलं. पुण्या-मुंबईकडचे पाचसहा जण, दाढ्या वाढलेल्या, खांद्याला झोळ्या, सोबत एक कॅमेरा. कोणत्या बड्या कंपनीचे नव्हते, आपल्याच हिमतीवर पिक्चर काढत होते. त्यांना हिरो नको होता, हिरोईन नको होती. सगळं गावच हिरो, असं डायरेक्टर म्हणायचा. आमचं गाव पवनीजवळच, तलावाच्या पाळीला लागून, ते त्यांना आवडलं. गोष्ट अशी होती की गावात एक माणूस मेल्याची अफवा उठते, जो तो आपापला मतलब घेऊन रडायला धावतो, आणि तो माणूस तर जिवंत! हसता हसता डोळ्यांत पाणी यावं असा बेत होता. कामं करायला गावातलीच माणसं हवी होती, आणि ती कोणी निवडली? मास्तरांनी. कोणाचा चेहरा कुठे हसतो, कुठे पडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मेलेल्या माणसाच्या कामासाठी त्यांनी कवडूला पकडलं. कवडू तलावात जाळं टाकायचा आणि त्याची बायको पार्बता पवनीच्या बाजारात मासे विकायची. पिक्चरमध्येही नवराबायकोचं काम याच नवराबायकोला. पार्बता आधी तयारच होईना. जित्या नवऱ्याला तिरडीवर कोण निजवेल? मास्तर तिच्या अंगणात जाऊन बसले. "मेल्याची खोटी बातमी उठली का माणसाचं आयुष्य वाढते, बाई. तुले मालूम नाही का?" हे आमच्याकडे सगळेच मानतात. पार्बताही मानत होती. "वाढते म्हंता तं निजवा," म्हणाली. "पण तोंडावर कपडा नोको."

शूटिंगच्या दिवशी मी शाळेची पोरं घेऊन तिथंच उभी होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. कवडू तिरडीवर मजेत होता. ऊन लागतं म्हणून डोळ्यांवर हात घ्यायचा आणि डायरेक्टर ओरडायचा, "अहो, मेलेले आहात तुम्ही!" पार्बता पदर तोंडाला लावून बरी रडत होती. एवढ्यात डायरेक्टरनं दोन म्हाताऱ्यांच्या हाती दगड दिले आणि सांगितलं, हिच्या बांगड्या फोडा.

आता सवाष्णीच्या हातातली बांगडी चुकून पिचकली तरी ती फुटली असं आम्ही तोंडानं म्हणत नाही, वाढवली म्हणतो. आणि हा बाबा, नवरा समोर निजलेला असताना, 'फोडा, फोडा' करून ओरडतो! म्हाताऱ्या जागच्या जागी थिजल्या. तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूला उभे असलेले आमचे मास्तर म्हणाले, "करू दे ना वो पार्बता. नाटकातलं सारं खोटं असते. दुसऱ्या भरून देऊ तुले."

पार्बता ताडकन उठली. बोट रोखलं ते थेट मास्तरांवर.

"काहून फोडू? माहा नवरा जिता हाये! जिता हाये, दिसत नाही का तुमाले? डोळ्यात माती पडली का? लय हौस असन तं आपल्या घरी जाऊन फोडा! माह्या हाताले हात लावला तं एकेकाले तलावात बुडवीन!"

आणखी जे बोलली ते मी इथं सांगत नाही. कवडूनं घाबरून एक डोळा उघडला, बायकोचा अवतार पाहिला आणि पटकन मिटून घेतला. पार्बता तशीच तणतणत घरी गेली, बांगड्या हातात शाबूत. मास्तर मान खाली घालून उभे होते. कॅमेरा या सगळ्या वेळात चालूच होता. तो बंद करावा एवढी अक्कल एकाही दाढीवाल्याला सुचली नाही. आम्हाला वाटलं, झालं ते झालं, हा भाग काही कोणी पिक्चरमध्ये घालणार नाही.

वर्षभरानं डायरेक्टरनं मास्तरांना पेपरातली कात्रणं धाडली. तिकडे पिक्चरचं नाव झालं होतं. मास्तर स्टाफरूममध्ये उभं राहून मोठ्यानं वाचत होते. सगळ्या शहाण्यांनी एकाच जागेवर बोट ठेवलेलं, ती ओरडणारी बाई. एकानं लिहिलं होतं की ती शून्यात बोट रोखून नियतीलाच जाब विचारते. दुसरा म्हणे, अक्षरओळख नसलेल्या बाईत विनोदाची एवढी उपजत जाण पाहून थक्क झालो. तिसऱ्यानं सांगितलं की थिएटर हसून हसून लोळलं आणि मग अंतर्मुख झालं. अंतर्मुख! कपाळ माझं!

मी म्हटलं, "मास्तर, शून्यात म्हणजे कुठे? ती तर तुमच्यावर बोट रोखून बोलली होती."

मास्तरांनी कात्रणाची घडी घातली. "कटिंगमध्ये गेलं असन तेवढं," म्हणाले. "पण पब्लिक हासली, बाई. पब्लिक चुकत नाही."

त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला. नियती म्हणे! आमच्या भूगोलाच्या मास्तरला नियती करून टाकलं मेल्यांनी, आणि हा माणूस खूश!

पुढे पिक्चर पवनीला लागला. दुपारचा खेळ, सगळं गाव बैलगाड्या जुंपून आलेलं. डायरेक्टर स्वतः आला होता, गळ्यात हार, पहिल्या रांगेत. मास्तर आपल्या स्टुलावर, डावीकडे छत्री उघडलेली. बायांच्या बाजूला मी आणि माझ्या शेजारी पार्बता, नवं लुगडं नेसून. सुरुवातीला काय गंमत होती! "अवो, तो पाय, आपला पाटील!" "अवो, माही गाय!" पार्बताही हसत होती, माझ्या मांडीवर चापटी मारत होती.

मग तो भाग आला. पडद्यावर एकटी पार्बता. दगडवाल्या म्हाताऱ्या नाहीत, बांगड्यांचं नाव नाही, मास्तर नाहीत. पार्बता पडद्याच्या कडेकडे बोट रोखून घसा फाटेपर्यंत ओरडत होती, "माहा नवरा जिता हाये!" आणि तिरडीवर कवडूचा एक डोळा उघडायचा, मिटायचा. तो उघडमीट डोळा त्यांनी पुन्हापुन्हा दाखवला. पुरुषांची बाजू फुटली नुसती. शिट्ट्या, टाळ्या, 'वन्समोर'च्या आरोळ्या. दंडारीत, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, आवडत्या सोंगाला ओरडतात तसे ओरडत होते. बायांच्या बाजूला मात्र चिडीचूप. पार्बतानं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"बाई," ती मला म्हणाली, "मी तं मास्तरले बोलली होती ना वो? मास्तर कोठी गेले?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, आडभिंतीच्या कडेनं पुढे गेले आणि मास्तरांच्या हातातली छत्री ओढून काढली. "पाहा!" मी ओरडले. "हे बी पब्लिकच हाये! पाहा एकदा!"

मास्तरांनी पाहिलं. रांगेमागून रांग बाया बसलेल्या, एकीच्या ओठावर हसू नाही, आणि मधोमध पार्बता. किती वेळ पाहत होते कोण जाणे. मग स्टुलावरच वळले आणि मान वर करून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पार्बताचं ओरडणं अजून चालूच होतं.

खेळ सुटल्यावर बाहेर डायरेक्टरभोवती गर्दी. पार्बता गर्दीत शिरली. तिच्या मागे मी, माझ्या मागे मास्तर.

"साहेब, मी कोणावर चिडली ते काहून नाही दाखवलं?"

डायरेक्टर हसला. असा गोड हसला की थोबाडीत द्यावीशी वाटली. "मावशी, ते दाखवलं असतं तर गंमत गेली असती. आता लोक तुम्हाला कधी विसरणार नाहीत."

"तेच तं म्हणून राहिली मी," पार्बता म्हणाली.

मास्तर म्हणाले, "साहेब, तेवढा भाग कापून टाका."

"मास्तर, तुम्हीच म्हणता ना, पब्लिक चुकत नाही?" डायरेक्टरनं विचारलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. मला उत्तर द्यायचं होतं, पण जीप निघून गेली होती.

त्यानंतर पार्बताचे हाल सुरू झाले. बाजारात टोपली मांडून बसली की कोणी ना कोणी यायचंच. "काय वो, कवडू जिता हाये का?" पोट्टी लांबून ओरडून पळायची. चांगली शर्टपँटवाली माणसं मासे घेता घेता म्हणायची, "एकदा म्हणून दाखव ना, माहा नवरा जिता हाये." एकाच्या अंगावर तिनं माशांच्या पाण्याचं घमेलं रिकामं केलं. बरं केलं! पण त्याचीही गंमतच झाली, लोक मुद्दाम चिडवायला यायला लागले. बाई जितकी खरी रागवायची तितकी जास्त हसायची माणसं. शेवटी तिनं पवनीच्या बाजारात बसणं सोडलं. कवडू तिला समजवायचा, "जाऊ दे वो, लोकायच्या तोंडाले कुलूप लावता येते का?" त्याला काय जातं! त्याला सगळे बिडी पाजत होते, मेलेला माणूस म्हणून.

आणि दिवाळी तोंडावर आली. भाऊबीजेपासून आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, रात्री दंडारी, नाटकं. भंडाऱ्याच्या फिरत्या टॉकीजच्या एका तंबूवाल्यानं हेरलं की आपल्याच मुलखातली माणसं पडद्यावर आहेत, लोक तुटून पडतील. त्यानं तो पिक्चर मंडईसाठी उचलला. दिवेलागणीला पिक्चर, नंतर दंडार. मास्तर त्याच्याकडे जाऊन आले. तो भाग कापा म्हणाले. तंबूवाला म्हणाला, "मास्तर, त्याच भागासाठी तं पब्लिक येऊन राहिली." पार्बताचं माहेर सानगडीकडे. तिथल्या मंडईलाही हाच पिक्चर येणार, हे कळलं त्या दिवशी ती शाळेत आली आणि माझ्या वर्गाच्या पायरीवर बसून राहिली. "माहेरी बी हासतीन बाई आता," म्हणाली. "भाऊ, भावजया, साऱ्यायच्या देखत. कोठी जाऊ मी?" शेजारच्या खोलीतून मास्तरांनी ऐकलं. त्यांच्या वर्गात त्या दिवशी कोणी जांभई दिली तरी त्यांना दिसलं नसतं.

पहिल्या मंडईला मास्तर स्टूल न घेता गेले. तो भाग आला तसे उठले आणि पडद्याला लागून उभे राहिले. पार्बताचं बोट जिकडे रोखलेलं होतं, बरोबर त्या कडेला. छत्री मिटून काखेत, मान खाली. लोक आधी खवळले. "बाजूले व्हा ना बे!" मग कोणाच्या तरी लक्षात आलं. "अजी, ते बाई मास्तरले झाडून राहिली!" आणि सगळा तंबू मास्तरांना हसायला लागला. डोळ्यात माती पडली का म्हटलं की मास्तरांकडे पाहून हसायचे, तलावात बुडवीन म्हटलं की मास्तरांवर शेंगांची टरफलं फेकायचे. पार्बताला आता कोणी हसत नव्हतं. "बाई जबर हाये," म्हणत होते.

त्या मोसमात मास्तर गावोगाव असेच उभे राहिले. शाळा सुटली की एसटी पकडायची, जाऊन उभं राहायचं, शिव्या आणि टरफलं खायची. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, शिक्षकी पेशाची काही लाज आहे का? तंबूवाला आधी मारायला धावला होता. पण यावरही गर्दी होते हे पाहून त्यानं भोंग्यावर पुकारा सुरू केला: आज पिक्चरसोबत मास्तरांचाही खेळ! आणि आमच्याच स्टाफरूममधले लोक गहिवरून म्हणायला लागले, काय मन आहे माणसाचं, दुसऱ्याच्या वाटचं बोलणं स्वतःवर घेतो. मी ओरडले त्यांच्यावर. दुसऱ्याच्या वाटचं कशाचं? त्याच्याच वाटचं होतं ते! त्या दिवशी तो तिथंच उभा होता. त्याची जागा कापली होती, तो जाऊन तिथं उभा राहिला, एवढंच. यात देव्हाऱ्यात बसवण्यासारखं काय आहे? मास्तरांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. या वेळी माझा चेहरा न्याहाळत बसले नाहीत.

सानगडीच्या मंडईला मी गेले. पार्बतानंच बोलावलं होतं. तंबू खच्चून भरलेला. बायांच्या बाजूला पार्बता, एका अंगाला तिच्या भावजया, दुसऱ्या अंगाला मी. तिची आई मागं बसली होती. पार्बतानं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला रुतत होत्या.

तो भाग आला. मास्तर उठले, कडेला जाऊन उभे राहिले, मान खाली घातली. पडद्यावरची पार्बता बोलायला लागली. तंबू हसला, मास्तरांनाच हसला. भावजय म्हणाली, "काहून वो, काय केलं होतं त्या माणसानं?" पार्बतानं सांगितलं, सगळं सांगितलं. बांगड्यांचं, म्हाताऱ्यांच्या हातातल्या दगडांचं, करू दे ना म्हटल्याचं. भावजयीनं मागच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या मागच्या. बायांच्या बाजूला कुजबुज सरकत गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या बायांनी पडदा सोडून मास्तरांकडे पाहायला सुरुवात केली. आता छत्री काखेत होती, उघडलेली नव्हती.

भाग संपला. पडद्यावर पाटलाची गंमत सुरू झाली, पुरुष तिकडे हसायला लागले. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि रोजच्यासारखे बसायला म्हणून वळले.

पार्बता उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण बाजारात बसणाऱ्या बाईचा आवाज तो, तंबूच्या टोकापर्यंत गेला. "बसू नोका. पिक्चर सरला नाही अजून."

पुरुषांचं हसणं थांबलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं, असं त्यांना वाटत असावं. मी पडद्याकडे पाहू लागले.

मास्तर उभेच राहिले.